अर्धा मेंदू काळा दिसतो तेव्हा: एएसएल स्कॅनचा दोष आधी मानेत शोधा

दुपारची शेवटची पेशंट. साठीच्या पुढच्या एक बाई, महिनाभर अधूनमधून चक्कर येते म्हणून आलेल्या. एमआरआयमधला डिफ्युजन (ताजा स्ट्रोक दाखवणारा स्कॅन) स्वच्छ. फ्लेअरवर (मेंदूतले डाग दाखवणाऱ्या स्कॅनवर) वयाला साजेसे चार-दोन पांढरे ठिपके. टीओएफ अँजिओमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या चारही धमन्या, पुढच्या दोन्ही कॅरोटिड आणि मागच्या दोन्ही व्हर्टिब्रल, टोकापर्यंत भरलेल्या. आणि शेवटी आलेल्या एएसएलच्या (आर्टेरियल स्पिन लेबलिंग, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय स्कॅन) रंगीत नकाशावर मेंदूची उजवी बाजू काळीठिक्कर, मागचा भाग तेवढा शिल्लक. टेक्निशियन मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडे निवांत झोपलेल्या बाईंकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “सर, यांना स्ट्रोक आहे का?”

नव्हता. उजव्या कॅरोटिडचं रक्त मेंदूत नीट पोचत होतं, पण त्या रक्तावर आम्ही लावलेली खूण पोचत नव्हती.

त्या महिन्यातला असा तो तिसरा स्कॅन. आधीचे दोन आम्ही ‘आर्टिफॅक्ट’ (स्कॅनमधला फसवा दोष) असा शेरा मारून बाजूला ठेवले होते, आणि ते चुकलंच. एखादा दोष पुन्हा पुन्हा येतो तेव्हा त्याला कारण असतं आणि शोधलं तर ते सापडतं. एएसएलच्या बाबतीत ते कुठे सापडतं, हे आता मला बऱ्यापैकी ठाऊक झालंय: बहुतेक वेळा मानेत. मेंदूच्या प्रतिमेवर कितीही फिल्टर चढवा, स्मूदिंग करा, मानेत चुकलेलं लेबल परत मिळत नाही. म्हणून शोधाचा क्रम महत्त्वाचा, आणि तोच इथे लिहितो आहे.

सिग्नल मुळात किती असतो

एएसएलमध्ये बाहेरून औषध टोचायचं नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याचं चुंबकत्व रेडिओ लहरींनी उलटं करायचं, ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत थांबायचं आणि फोटो घ्यायचा. ही झाली लेबल प्रतिमा. मग खूण न करता तसाच दुसरा फोटो, म्हणजे कंट्रोल. दोन्हींची वजाबाकी केली की उरतो रक्तप्रवाह. ही कल्पना 1992 मध्ये जॉन डेट्रे, ॲलन कोरेट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आज सगळीकडे वापरात असलेली पीकॅसल पद्धत, म्हणजे छोट्या छोट्या स्पंदांनी सलग खूण लावत राहण्याची, 2008 ची, आणि तिचे आकडे कसे ठेवावेत याची एकमताने ठरलेली शिफारस 2015 मध्ये छापून आली.

ही वजाबाकी ऊतींच्या एकूण सिग्नलच्या जेमतेम एक टक्का असते. शंभरातले नव्याण्णव भाग आपल्याला नको असलेले. पेशंटने मान किंचित हलवली की त्या नव्याण्णवांत एका टक्क्याहून मोठा फरक पडतो आणि आपला एक भाग त्यात बुडून जातो. शिवाय खूण टिकत नाही. रक्ताचा टी-वन, म्हणजे ही खूण विरत जाण्याचा कालावधी, 3 टेस्लाला (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) साधारण 1650 मिलिसेकंद, 1.5 टेस्लाला 1350. म्हणजे 1800 मिलिसेकंद थांबलात तर 3 टेस्लावर खुणेचा तिसरा हिस्सा उरतो, 1.5 टेस्लावर जेमतेम चौथा. जुन्या 1.5 टेस्ला मशीनवर नकाशा खरखरीत येतो तो याच हिशोबामुळे. त्यासाठी टेक्निशियनला बोल लावू नये.

आधी कच्च्या जोड्या उघडा

रंगीत नकाशा हा सगळ्यात शेवटचा पदार्थ. त्याच्याकडे बघून दोष ओळखायला गेलात तर फसाल, कारण रंगपट्टी कुठून कुठवर ताणली आहे त्यावरच अर्धं दिसणं अवलंबून असतं. मशीन देत असेल तर प्रत्येक लेबल आणि प्रत्येक कंट्रोल वेगळा सेव्ह करायला लावा. काही मशीन आतल्या आत वजाबाकी करून फक्त निकाल हातात देतात, तिथे निदान राखाडी छटेतली वजाबाकी आणि एमझीरो प्रतिमा (खूण न करता घेतलेली, पूर्ण सिग्नलची, आकडे काढायला लागणारी) तरी ठेवा.

कच्च्या जोड्यांत तीन गोष्टी बघायच्या. कंट्रोल प्रतिमा एमझीरोच्या मानाने बरीच काळपट आहे का? नसेल तर बॅकग्राउंड सप्रेशन, म्हणजे स्थिर ऊतींचा सिग्नल आधीच दाबणं, बंद राहिलंय. जोड्या सिनेमासारख्या पुढेमागे फिरवल्यावर डोकं एखाद्या क्षणी उडी मारतं का? आणि एकेका जोडीची वजाबाकी केल्यावर, खरखर असली तरी, दोन्ही बाजूंना करड्या पदार्थाचा आकार पुसटसा उमटतो का? त्या बाईंच्या 30 जोड्यांपैकी प्रत्येकीत डावा आकार होता, उजवा एकीतही नव्हता. हलण्याने असं होत नाही. हलण्याने काही जोड्या बिघडतात, काही चांगल्या येतात. तीसच्या तीस जोड्या सारख्याच नापास म्हणजे चूक खूण लावण्याच्या जागी.

एक बाजू काळी

खरा रक्तपुरवठा कमी आहे की लेबल चुकलंय, हे ठरवायला मी सगळ्यात आधी काळ्या भागात उजळ अळ्या शोधतो. रक्त खरोखर हळू येत असेल, कॅरोटिड अरुंद झाली असेल, तर फोटो घेताना खूण केलेलं रक्त वाटेतच, मोठ्या धमन्यांत अडकलेलं असतं. मग ऊती काळी आणि तिच्या आसपास धमनीच्या वळणाचे लखलखीत पट्टे, असं दिसतं. लेबलच चुकलं असेल तर धमन्याही काळ्या. तो भाग अगदी कोरा असतो.

दुसरी खूण म्हणजे काळ्या भागाची सीमा. उजव्या कॅरोटिडवर लेबल लागलं नाही तर उजवा पुढचा आणि मधला इलाखा जातो. मागचा वाचतो, कारण तिथलं रक्त व्हर्टिब्रलमधून येतं. काही लोकांत मागची धमनी जन्मतःच कॅरोटिडमधून निघालेली असते, त्यांच्यात त्या बाजूचा मागचा भागही जाईल. म्हणून अँजिओ शेजारी उघडून ठेवा. एका व्हर्टिब्रलवर लेबल चुकलं तर चित्र निराळं असतं: दोन्ही व्हर्टिब्रल पुढे बॅसिलर या एकाच धमनीत मिसळतात, त्यामुळे एकच बाजू काळी न पडता मागचा सगळा भाग दोन्हीकडे फिका पडतो.

आता लेबल का चुकतं ते. पीकॅसलमध्ये साधारण दर मिलिसेकंदाला एक छोटा रेडिओ स्पंद असतो. 1800 मिलिसेकंदांच्या लेबलमध्ये सुमारे 1800 स्पंद. त्या प्रत्येकाची फेज (लहरीचा टप्पा) वाहत्या रक्ताच्या फेजशी जुळत गेली पाहिजे. मानेत त्या ठिकाणी चुंबकीय क्षेत्र थोडं जरी सरकलेलं असलं तर ही जुळणी मोडते. 250 हर्ट्झचा फरक म्हणजे प्रत्येक मिलिसेकंदाला 90 अंशांची चूक. तिथे लेबल आणि कंट्रोल एकसारखेच होतात आणि वजाबाकी शून्य येते. चूक त्याहून वाढली तर चिन्ह उलटतं. एकाच धमनीच्या इलाख्यात रक्तप्रवाह ऋण दिसला तर तो सॉफ्टवेअरचा घोळ समजू नका, ती फेज चुकल्याची पावती आहे. 250 हर्ट्झ ऐकायला मोठा वाटतो, पण 3 टेस्लावर तो दशलक्षात दोन भाग एवढाच फरक, आणि दातातला धातू तेवढा सहज करतो.

बाईंना बाहेर घेतलं, पाणी दिलं आणि दातांबद्दल विचारलं. खालच्या उजव्या दाढांवर मेटलचा ब्रिज होता, बारा वर्षांपूर्वी बसवलेला. फॉर्मवर ‘शरीरात धातू’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. “दात कुठं शरीरात येतात?” असं म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं, प्रश्न आम्ही नीट विचारला नव्हता. आमच्या प्रोटोकॉलमधली लेबलची पातळी नेमकी खालच्या दाढांच्या उंचीवर येत होती. ती दीड-दोन सेंटिमीटर खाली घेतली, मानेवर वेगळी शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याची जुळवणी) केली, पुन्हा साडेचार मिनिटांचा स्कॅन केला. उजवी बाजू आली. डावीइतकी भरगच्च नाही, पण सलग आणि खरी. आधीच्या दोन पेशंटच्या फायली काढल्या तर एकाला तसाच ब्रिज, दुसऱ्याच्या कॅरोटिडमध्ये स्टेंट.

तेव्हापासून आमच्याकडे हा नियम: लेबलची पातळी डोळे झाकून ठरलेल्या अंतरावर ठेवायची नाही. आधी मानेचा चटकन होणारा अँजिओ लोकलायझर (जागा ठरवण्यासाठीचा स्कॅन) घ्यायचा, तो समोरून आणि बाजूने बघायचा. चारही धमन्या जिथे सरळ उभ्या जातात, तिथे त्यांना काटकोनात पातळी टाकायची. ती कॅरोटिडच्या फाट्याच्या वर असावी आणि व्हर्टिब्रल पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी जे आडवं वळण घेते त्याच्या खाली. बहुतेकांत ही जागा दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या आसपास मिळते. वय झालेल्या, वर्षानुवर्षं बीपी असलेल्या माणसांत कॅरोटिड सापासारखी वळलेली असते. तिथे वळणावर पातळी पडली तर तीच धमनी तिला दोनदा छेदते आणि लेबल अर्धवट राहतं. स्टेंट, शस्त्रक्रियेच्या क्लिपा, मानेतल्या प्लेटा यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा.

जागाच मिळत नसेल तर? मशीनवर फेजची पूर्वचाचणी असेल तर ती वापरा. वेगवेगळ्या फेजवर छोटे स्कॅन करून ती प्रत्येक धमनीसाठी योग्य फेज शोधते. तेही नसेल तर पीकॅसलचा हट्ट सोडून पासल घ्या. त्यात रक्ताचा जाड पट्टा एकाच स्पंदात उलटा करतात, त्यामुळे फेज जुळवण्याची भानगड नाही. सिग्नल कमी मिळतो, पण दोन्ही बाजू सारख्या न्यायाने मोजल्या जातात.

कडा काळ्या, मध्ये लखलखीत अळ्या

हा दोष वरच्यासारखा वाटतो, पण कारण वेगळं आणि उपायही उलटा. ज्यांच्या गावाला कालवा आहे त्यांना हे लगेच कळेल. आवर्तन सुटलं की हेडच्या शेताला पाणी पहिल्या दिवशी, टेलच्या शेताला चार दिवसांनी. दुसऱ्या दिवशी फोटो काढला तर टेलचं शेत कोरडं दिसणार आणि चाऱ्या तुडुंब. मेंदूत दोन मोठ्या धमन्यांच्या इलाख्यांमधला सीमेचा पट्टा म्हणजे ही टेलची शेतं. म्हाताऱ्या माणसांत, हृदय अशक्त असलेल्यांत, कॅरोटिड अरुंद असलेल्यांत, मोयामोयाच्या (मेंदूच्या धमन्या हळूहळू बंद होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटमध्ये रक्त तिथे उशिरा पोचतं. तिथे रक्तप्रवाह कमी आहे असं त्या नकाशावरून म्हणता येत नाही. रक्त फोटोच्या वेळेपर्यंत आलं नव्हतं, एवढंच म्हणता येतं.

लेबल दिल्यानंतर थांबायचा वेळ, म्हणजे पीएलडी, 2015 च्या शिफारशीत असा आहे: लहान मुलांना 1500 मिलिसेकंद, सत्तरीच्या आतल्या निरोगी माणसांना 1800, सत्तरीपुढच्यांना आणि दवाखान्यात आलेल्या प्रौढ पेशंटना 2000, लेबल सगळ्यांना 1800. तान्ह्या बाळांनाही 2000, कारण त्यांचं रक्त हळू वाहतं. बऱ्याच ठिकाणी मशीन बसवताना जो आकडा पडला तोच वर्षानुवर्षं सगळ्यांना चालवतात. तो आधी तपासा.

वेळ वाढवण्याची किंमत मोजावी लागते. 3 टेस्लावर 1800 वरून 2500 ला गेलात तर सिग्नल जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो, आणि तेवढीच स्वच्छता परत हवी तर स्कॅन सव्वादोन पटींहून जास्त लांबवावा लागतो. दहा-अकरा मिनिटं. आजारी माणूस तेवढा वेळ स्थिर राहत नाही. म्हणून संशय असलेल्या पेशंटला मी एकच मोठी पीएलडी लावण्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या पीएलडींचा छोटा संच घेणं पसंत करतो. त्यातून रक्त पोचायला लागणारा वेळही मोजता येतो, आणि कॅरोटिडच्या पेशंटमध्ये तो आकडा रक्तप्रवाहापेक्षा जास्त बोलका असतो. एफएसएल या सॉफ्टवेअरमधला बेसिल हा प्रोग्राम हे काम नीट करतो.

क्रशर (धमन्यांतल्या वेगवान रक्ताचा सिग्नल मारणारे चुंबकीय स्पंद) लावून त्या उजळ अळ्या पुसता येतात, पण दवाखान्यातल्या स्कॅनमध्ये मी ते करत नाही. रक्त उशिरा येतंय हे सांगणारी ती एकमेव खूण असते. ती पुसली की उरतो नुसता काळा डाग, आणि रिपोर्ट लिहिणारा त्याला इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) समजेल.

सगळाच नकाशा खरखरीत

इथे बहुतेक वेळा हालचाल आणि बॅकग्राउंड सप्रेशन यांची जोडगोळी असते. सप्रेशन चालू असेल तर स्थिर ऊतींचा सिग्नल आधीच दाबलेला असतो, त्यामुळे हलण्याचा फटका कमी बसतो. पूर्ण शून्यापर्यंत मात्र दाबू नका. मॅग्निट्यूड प्रतिमेत, म्हणजे सिग्नलची फक्त मात्रा दाखवणाऱ्या प्रतिमेत, चिन्ह हरवतं आणि वजाबाकी उलटसुलट होते. थोडा सिग्नल शिल्लक ठेवा. आणि 2डी ईपीआयमध्ये (एकेक स्लाइस घेणाऱ्या पद्धतीत) सप्रेशन पहिल्या काही स्लाइसनाच नीट लागू पडतं, वरच्या स्लाइसपर्यंत त्याचा असर ओसरतो. म्हणून शक्य तिथे 3डी ग्रेझ किंवा स्पायरल (सगळा मेंदू एकदम घेणाऱ्या पद्धती) वापरा.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे घट्ट बसवा. एएसएल स्कॅन सुरुवातीलाच घ्या, पेशंट दमायच्या आत. स्कॅनआधी माइकवरून सांगा की आता पाच मिनिटं गिळणंसुद्धा जपून करा. हे साधं वाटतं, पण सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही दुरुस्तीपेक्षा मला याचाच गुण जास्त आला आहे. नंतरच्या कामात हालचाल सुधारताना लेबल आणि कंट्रोल यांच्यातला नैसर्गिक फरक प्रोग्रामने हालचाल समजू नये याची काळजी घ्या, आणि ज्या दोन-चार जोड्या सरळ वाया गेल्यात त्या सरासरीतून काढून टाका. 30 पैकी 26 चांगल्या जोड्यांची सरासरी 30 च्या सरासरीपेक्षा स्वच्छ येते.

लहान व्होक्सेलचा (प्रतिमेतल्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याचा) मोहही आवरा. स्लाइसच्या प्रतलात 3 ते 4 मिलिमीटर, जाडी 4 ते 8, एवढं पुरे. 2 मिलिमीटरचा सुरेख नकाशा मागणाऱ्यांना सांगावं लागतं की 4 मिलिमीटरच्या मानाने व्होक्सेल आठपट लहान झाला की सिग्नलही आठपट कमी.

काहीच आलं नाही

गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) आधी दिलं होतं का ते विचारा. कॉन्ट्रास्टने रक्ताचा टी-वन इतका घटतो की खूण मेंदूत पोचायच्या आत पुसली जाते. क्रम बदला, दुसरा उपाय नाही.

नकाशा देखणा, आकडे चुकीचे

करड्या पदार्थाचा रक्तप्रवाह दर 100 ग्रॅमला मिनिटाला 40 ते 100 मिलिलिटर या टप्प्यात असतो, पांढऱ्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर नकाशा नुसता नॉइज आहे किंवा खूप धूसर झालाय. दोन्ही एकाच पटीने चुकले असतील तर एमझीरो बघा: तो वेगळ्या गेनवर घेतला होता का, डायकॉम फाइलमधलं स्केलिंग दोन्हींना सारखं लागलं का, आणि टीआर (एकामागून एक फोटोंमधला वेळ) 5 सेकंदांहून कमी असेल तर त्याची दुरुस्ती केली का. 2डी स्कॅनमध्ये आकडे खालून वर हळूहळू बदलत गेले तर स्लाइसगणिक वाढणारी पीएलडी हिशोबात धरलेली नाही. सगळा मेंदूच ऋण आला तर लेबल-कंट्रोलचा क्रम उलटा वाचलाय.

आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही: ॲनिमिया. हिमोग्लोबिन कमी असलं की रक्ताचा टी-वन वाढतो. आपण 1650 धरून बसलो तर रक्तप्रवाह प्रत्यक्षाहून जास्त निघतो, आणि ॲनिमियात तो मुळातच वाढलेला असतो. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून आलेल्या सिकलसेलच्या मुलांत तिसरी अडचण येते: मानेत रक्ताचा वेग इतका जास्त असतो की लेबलची कार्यक्षमताच घटते. एक चूक आकडा वर ओढते, दुसरी खाली. अशा मुलांत लेबलच्या कार्यक्षमतेसाठी गृहीत धरलेला 0.85 हा आकडा वापरू नये. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) मागवा आणि मानेत फेज कॉन्ट्रास्टचा (रक्ताचा वेग मोजणारा) छोटा स्कॅन घ्या. चारही धमन्यांतून मिनिटाला साधारण 700 मिलिलिटर जात असतील आणि मेंदू 1400 ग्रॅमचा असेल, तर सरासरी 50 यायला हवी. एएसएलची सरासरी 30 आली तर कार्यक्षमता कमी पडली आहे, आणि किती कमी तेही तुमच्या हातात आलं.

काही वेळा मशीन बरोबर असतं आणि पेशंटचं शरीर बदललेलं असतं. स्कॅनआधी घेतलेल्या कडक कॉफीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्याच्या दर 1 मिमी पाऱ्यामागे रक्तप्रवाह साधारण 3 ते 4 टक्के घटतो. भूल दिलेल्या मुलात सेव्होफ्लुरेन प्रवाह वाढवतं, प्रोपोफॉल कमी करतं. सहा महिन्यांनी तुलना करायची असेल तर या गोष्टी दोन्ही वेळी सारख्या ठेवा आणि लिहून ठेवा.

एवढं करूनही अडलं आणि दुसऱ्या कुणाला फाइल दाखवायची वेळ आली, तर नुसता रंगीत नकाशा पाठवू नका. कच्च्या जोड्या, एमझीरो, मानेच्या अँजिओवर लेबलची पातळी दिसेल असा स्क्रीनशॉट, लेबलचा कालावधी, पीएलडी, सप्रेशन चालू होतं की नव्हतं, आणि पेशंटच्या तोंडात किंवा मानेत धातू आहे का याचं विचारून घेतलेलं उत्तर. आमच्या फॉर्मवर आता तो प्रश्न वेगळा छापलाय: दातांवर कॅप, ब्रिज, इम्प्लांट किंवा तारा आहेत का, असल्यास कुठल्या बाजूला.